सुक्या मिरचीचा लाल

९ मार्च २००६ रोजी शालनवहिनींच्या बँक खात्यात थकलेल्या देण्याचे एक लाख अडतीस हजार चारशे सोळा रुपये जमा झाले. अंबरनाथच्या ज्या खोक्यांच्या कारखान्यात त्यांनी चोवीस वर्षं काढली, तो बंद पडून तोवर तीन वर्षं होत आली होती. पासबुकात उमटलेला आकडा त्यांनी दोनदा पाहिला, मग पासबुक माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "भावजी, ओटा करायचा."

शालनवहिनी माझ्या थोरल्या भावाची, शिवरामदादाची बायको. दादा अठ्ठ्याण्णव साली गेला. तेव्हापासून त्या बदलापूरला कात्रपमध्ये पहिल्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात एकट्या राहत. घर छोटंच, बाहेरची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर आणि गॅलरी. त्र्याण्णव साली घेतलं तेव्हा इमारतीच्या मागे भाताची खाचरं होती. निम्मे हप्ते दादाच्या पगारातून गेले, निम्मे वहिनींच्या, आणि दादा गेल्यावरचे सगळे वहिनींच्या. मी अंबरनाथ पश्चिमेला राहतो, एका केमिकल कंपनीत हिशेबाचं काम बघतो. आमच्या भागातल्या कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी असते. दादा गेल्यापासून वहिनींचे कागदपत्र, बिलं, बँक हे सगळं मी शुक्रवारी बघत आलो.

कारखान्यात औषधांची आणि बिस्किटांची छापील खोकी तयार होत. वहिनी निवडीच्या टेबलावर होत्या. उत्तरेकडच्या खिडकीखाली एक लांब टेबल, त्याच्या डोक्याशी गिऱ्हाइकाने मंजूर केलेला नमुना चिकटवलेला. त्या नमुन्याला सगळ्या बायका 'मास्टर' म्हणत. छापलेल्या पुठ्ठ्यांचा गठ्ठा पत्त्यांसारखा फिसकारायचा आणि मास्टरपेक्षा गडद किंवा फिका दिसेल तो तुकडा डावीकडे टाकायचा. दिवसाला आठ-दहा हजार तुकडे. वहिनी सांगत की सगळ्यात दगाबाज रंग लाल. शाई जरा घट्ट झाली की करपट होतो, जरा पातळ झाली की गुलाबी. एकदा सुपरवायझर भगवंतने त्यांची परीक्षा बघायला टाकलेले दोनशे लाल तुकडे चांगल्या गठ्ठ्यात पुन्हा मिसळून ठेवले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत वहिनींनी ते दोनशेच्या दोनशे बाहेर काढले आणि वर चांगल्या गठ्ठ्यातलाही त्याच्या नजरेतून सुटलेला एक खराब तुकडा दाखवला. त्यानंतर तो त्यांच्या टेबलाजवळून जाताना मान खाली घालून जाई.

कारखाना बंद झाला आणि वहिनींना घर पुरेना. बसणं हा त्यांचा स्वभावच नव्हता. सकाळी स्टेशनजवळच्या बाजारात जाऊन येत, आल्यावर कोथिंबीर राहिली म्हणून परत जात. डबे एका फळीवरून दुसऱ्या फळीवर ठेवत आणि दोन दिवसांनी मूळ जागी आणत. मी गेलो की चहा ठेवून बाहेर येत, गाळायला आत जात, मग मध्येच गॅलरीत जाऊन कपडे चाचपून येत. माझा चहा पिऊन होई, त्यांचा तसाच राही. हात रिकामे राहिले की मुंग्या येतात, असं त्या म्हणत.

त्यांचं स्वयंपाकघर सात बाय आठ फुटांचं. बिल्डरने दिलेला कडप्प्याचा ओटा, त्याला मधोमध चीर. ओट्याच्या मागे पांढऱ्या चौकोनी टाइल्सची फूटभर पट्टी आणि वर पिस्ता रंगाचा ऑइलपेंट, जो फोडण्यांनी तपकिरी झाला होता. त्यामुळे ओटा करायचा म्हणाल्या त्याचं मला नवल वाटलं नाही.

त्याच आठवड्यात मिलिंद आला, सोबत त्याची बायको स्वप्नाली. मिलिंद त्यांचा एकुलता मुलगा, मुंबईत एका मोबाइल कंपनीच्या ऑफिसात कामाला. दोघं डोंबिवलीला भाड्याने राहत होती आणि स्वप्नालीला ऑगस्टमध्ये बाळ होणार होतं. मिलिंद सगळं ठरवूनच आला होता. कल्याणला दोन बेडरूमचं घर बघून ठेवलंय, कात्रपचं घर विकलं की पहिली रक्कम भरता येईल, आई आमच्याकडे राहील, तिला वेगळी खोली. तेव्हा आता पैसे आलेच आहेत तर किचन करून घ्यावं, कारण एजंट चिंतामणी म्हणतो की गिऱ्हाईक आधी किचन बघतं. टाइल्स क्रीम रंगाच्या घ्यायच्या, तो रंग सगळ्यांना चालतो.

मुलगा आईला फसवत होता असं मुळीच नव्हतं. वेगळ्या खोलीचं सांगताना त्याचा आवाज आनंदाने वर गेला होता. घर वहिनींच्या नावावर असल्यामुळे सही त्यांचीच लागणार होती. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ओटा तर करायचाच आहे."

मिलिंदने ते होकार म्हणून ऐकलं. मीही तसंच ऐकलं. आमच्या घरात मोठ्या माणसाने नाही म्हटलं नाही की ते हो धरायचं, अशीच रीत होती. दादाने पंचवीस वर्षं संसार त्याच रीतीने चालवला. वहिनींनी उरलेले तांदूळ न निवडताच ताट उचललं आणि आत गेल्या, हे मात्र मी पाहिलं होतं.

मग सुरू झाले आमचे उल्हासनगरचे शुक्रवार. तीन शुक्रवार आम्ही टाइल्सची दुकानं फिरलो. त्या वर्षी सगळीकडे एकच चाल होती. क्रीम रंगाच्या टाइल्स आणि मध्ये मध्ये चित्राची एक टाइल. चित्रात फळांची टोपली, नाहीतर वाफाळणारी किटली. दुकानदार कौतुकाने दाखवत. वहिनी एका टोपलीपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "रोज ही द्राक्षं बघायची आणि दुधी चिरायचा. नको." दुसऱ्या दुकानात त्या पाच मिनिटंही टिकल्या नाहीत. तिसऱ्यात सगळी कपाटं उघडायला लावली आणि तशाच रस्त्यावर आल्या. मी त्यांच्या मागे वही घेऊन. वहीत दर लिहीत होतो, पण घेण्यासारखं काही ठरत नव्हतं.

तिसऱ्या शुक्रवारी टहलराम नावाच्या म्हाताऱ्या शेठच्या दुकानात, मागच्या गोदामाच्या दाराशी, त्यांना लाल टाइल दिसली. आठ बाय बाराची, गुळगुळीत, एकरंगी, वाळलेल्या मिरचीचा असतो तसा खोल लाल. कुणा हॉटेलवाल्याने मागवून न नेलेला माल होता. वहिनींनी एक टाइल उचलली आणि तडक दुकानाबाहेर निघाल्या. रिक्षा, हातगाड्या, माणसं यांच्या मधोमध, फुटपाथच्या कडेला त्यांनी ती उन्हात धरली, मग सावलीत धरली, तिरकी केली.

टहलरामशेठ गल्ल्यावरून उठून आला. "माई, टाइल को घुमाने ले जा रहे हो क्या? अंदर लाइट आहे ना, चार-चार ट्यूब."

"ट्यूबखाली सगळेच गोरे दिसतात, शेठ."

शेठ हसला. मग त्याने आमच्याकडे नीट पाहिलं, वहिनींच्या गळ्यातल्या छोट्या निळ्या लॉकेटकडे पाहिलं आणि म्हणाला की ब्लूमध्येही एक नंबर माल आहे, तुमच्या लोकांना आवडतो. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, गिऱ्हाईक ओळखण्याची सवय होती. वहिनी टाइलवरून नजर न काढता म्हणाल्या, "निळा आमचा घराबाहेर मिरवायला आहे. चुलीपाशी मला हाच पाहिजे."

त्या दिवशी घेतली ती एकच टाइल. ती कापडी पिशवीत घालून वहिनी पुढचे दहा-बारा दिवस फिरत होत्या. कधी माझ्याबरोबर, बहुतेक वेळा एकट्या. ग्रॅनाइटवाल्याकडे काळ्या दगडावर ती उभी करून पाहिली. चकचकीत काळ्यात तिचं प्रतिबिंब पडून दगडच लाल दिसायला लागला, म्हणून ओट्यासाठी बारीक राखाडी ठिपक्यांचा काळा दगड घेतला. खालच्या ट्रॉल्यांच्या दारांसाठी सनमायका बघायला गेल्या तेव्हा दुकानदाराने पांढऱ्याचे अकरा नमुने काढले. त्यातला ताकासारखा, बिनचमकीचा पांढरा त्यांनी निवडला. बाकीचे लालाशेजारी निळसर दिसतात म्हणाल्या. मला सगळे पांढरे दिसत होते. स्वप्नालीला ट्रॉल्यांना सोनेरी मुठी हव्या होत्या, तसा तिने फोन केला. वहिनी फोनवर म्हणाल्या, "लालावर सोनेरी लावलं की बँडवाल्याचा कोट होतो गं. मला वरात काढायची नाहीये." साध्या, घासलेल्या स्टीलच्या मुठी आणल्या. टाइल्सचे सांधे पांढऱ्या सिमेंटने भरायची पद्धत. त्यांनी राखाडी सांगितलं. पांढरे सांधे ठेवले तर भिंत दिसत नाही, जाळी दिसते, असं त्यांचं म्हणणं.

ती टाइल त्यांनी सकाळी सातला, दुपारी बाराला आणि दिवे लागल्यावर अशी तीनदा भिंतीला लावून बघितली. नुसती बघितली नाही. प्रत्येक वेळी भाजी ढवळता ढवळता मान वळवून बघितली. तरी त्यांचं मन स्थिर नव्हतं. रंग पक्का होता. अस्वस्थपणा दुसऱ्याच गोष्टीचा होता, आणि तो मला कळायला मिलिंदचा फोन यावा लागला.

स्वप्नालीकडून लाल टाइल्सचं ऐकून मिलिंद हबकला होता. चिंतामणीला त्याने विचारलं तर तो म्हणाला, लाल किचन बघून गिऱ्हाईक दारातून परत फिरेल, पन्नास हजार तरी कमी होतील. "काका, तुम्ही तिला आकड्यात समजवा," मिलिंद म्हणाला. "माझं ऐकणार नाही."

मी समजवायला गेलो. एका कागदावर दोन रकाने केले होते. एकीकडे क्रीम टाइल्सचा खर्च आणि घराची येणारी किंमत, दुसरीकडे लाल टाइल्सचा खर्च आणि घराची येणारी किंमत. कागद वहिनींपुढे ठेवला आणि सावकाश सगळं सांगितलं. त्यांनी तो लक्ष देऊन वाचला, बेरीजसुद्धा तपासली. मग दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "म्हणजे लाल लावला तर घर विकलं जाणार नाही, हे नक्की ना, भावजी?"

तेव्हा मला सगळं समजलं.

मी म्हटलं, वहिनी, विकायचं नसेल तर मिलिंदला सरळ सांगा. त्या उठल्या, खिडकी लावली, परत उघडली. म्हणाल्या, पोराला बाळ होणार आहे, त्याला घर पाहिजे, त्याला नाही म्हणणारी आई मी कशी होऊ? आणि लगेच पुढे म्हणाल्या, "पण तिच्या घरात मी जाऊन काय करू? तिचे डबे हलवले तर तिला राग येईल. नाही हलवले तर मला वेड लागेल." त्यांचा हिशेब सोपा होता. त्यांनी नाही म्हणायचं नाही, भिंतीने म्हणायचं. गिऱ्हाइकं येतील, लाल बघतील, परत जातील. सहा महिन्यांनी मिलिंद दुसरी वाट काढील आणि आई कुणाच्या आड आलेली नसेल.

मी मिलिंदला एवढंच कळवलं की तिला लालच हवा आहे, पैसे तिचे आहेत. जे कळवलं ते खोटं नव्हतं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि पुढचे दोन महिने मिलिंदचा फोन आला की मी दुसऱ्या कुणाला तरी उचलायला सांगत असे.

एप्रिलमध्ये जयंती झाली आणि दुसऱ्या दिवसापासून काम लागलं. मिस्त्री हिरामण, बदलापूरपलीकडच्या गावचा. शांत माणूस. कडप्पा फोडला, भिंती खरवडल्या, ओटा बसवला. वहिनींनी गॅस गॅलरीत नेला होता. पण गॅलरीत त्या उभ्या राहत कुठे? फोडणी टाकून आत येत, हिरामणच्या मागे उभ्या राहत, जळाल्याचा वास आला की धावत. तो आठवडा आम्ही सगळ्यांनी करपलेलं खाल्लं.

सहाव्या दिवशी वहिनींचा मला कंपनीत फोन आला, ताबडतोब या. मला वाटलं मिलिंद आला असावा. संध्याकाळी गेलो तर हिरामण जिन्यात विडी ओढत बसलेला आणि काम बंद. आत वहिनींनी जमिनीवर टाइल्सच्या दोन रांगा मांडल्या होत्या.

"बघा," त्या म्हणाल्या.

मी बघितलं. लाल होत्या.

"वहिनी, मी पण मघापासून हेच सांगतंय," हिरामण दारातून म्हणाला. "दोनी सारख्याच दिसतान."

वहिनींचं म्हणणं होतं की टहलरामकडून आणलेल्या बारा पेट्यांपैकी पाच पेट्यांचा लाल एका कणाने गडद आहे. एकाच भिंतीत दोन्ही लागले तर डाग दिसेल. मी विचारलं, कुणाला दिसेल? म्हणाल्या, मला. चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या खोक्यांतला लाल निवडून फेकला, स्वतःच्या भिंतीवर चुकलेला लाल लावू?

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. दोन टाइल्स वर्तमानपत्रात गुंडाळून आम्ही उल्हासनगरला गेलो. टहलरामशेठने चष्मा लावला, काढला, दोन्ही टाइल्स एकमेकींवर घासल्या. "माई, कसम से, जुळ्या बहिणी आहेत." वहिनींनी टाइल्स उचलल्या आणि पुन्हा बाहेर फुटपाथवर. शेठ कपाळाला हात लावत मागे. भर दुपारी तो म्हातारा उन्हात उकिडवा बसला आणि बराच वेळ बघत राहिला. मग आत गेला, शिल्लक पेटी ओढली आणि पेटीच्या बाजूचा शिक्का वाचला. मला आमच्याकडच्या पेट्यांचे नंबर विचारले. मी ते वहीत लिहून ठेवले होते. सात पेट्या एका लॉटच्या, पाच दुसऱ्याच्या. भट्टी वेगळी.

"चाळीस साल से धंदा करतोय," शेठ म्हणाला, "पेटी न बघता लॉट सांगणारी पहिली बाई. माझ्याकडे बसा, पगार देतो."

तो थट्टा करत नव्हता असं मला वाटतं. पण बदलून द्यायला पहिल्या लॉटचा माल संपला होता. पैसे परत करायला तयार झाला. वहिनी नको म्हणाल्या. परतताना रिक्षात त्या मांडीवर बोटांनी टाइल्स लावत होत्या. इकडे चार, तिकडे तीन.

घरी पोचल्यावर त्यांनी हिरामणला उठवलं आणि सांगितलं, एका भिंतीवर एकच लॉट. खिडकीच्या समोरच्या भिंतीवर उजेड थेट पडतो, तिथे रंग उजळतो. तिथे गडद लावायचा. खिडकीच्या भिंतीला स्वतःचाच अंधार असतो, तिथे आणि तिला लागून असलेल्या भिंतीवर फिका. हिरामणने मान डोलावली. समजली म्हणून की थकला म्हणून, ते सांगता येणार नाही. पण भिंती पूर्ण झाल्या आणि राखाडी सांधे भरून त्याने ओल्या कपड्याने पुसून घेतलं, तेव्हा तो मागे सरकला आणि म्हणाला की एवढी घरं केली, असं कुणी लावून नाही घेतलं. तिन्ही भिंती एकाच रंगाच्या दिसत होत्या. खाली ताकपांढरी दारं, मध्ये ठिपक्यांचा काळा दगड, वर तो लाल. लहानशी खोली, पण आत गेलं की माणूस जरा ताठ उभा राही.

बुद्धपौर्णिमेला वहिनींनी नव्या ओट्यावर खीर केली. शेजारच्या चार बायका आल्या, वंदना झाली. मिलिंद आला नाही. वहिनी खीर वाढता वाढता तीनदा गॅलरीत जाऊन खाली बघून आल्या.

मेच्या अखेरच्या रविवारी दुपारी चिंतामणी गिऱ्हाईक घेऊन आला. वहिनींनी मलाही बोलावून घेतलं होतं. मिलिंद आणि स्वप्नाली आधीच आली होती. मिलिंदचा चेहरा पडलेला. किचन त्याने दारातून एकदा पाहिलं आणि बाहेरच बसून राहिला. गिऱ्हाईक म्हणजे तिशीतलं जोडपं, सुजित आणि कीर्ती, अंबरनाथला भाड्याने राहणारं. लोडशेडिंगची वेळ होती, पंखे बंद, ट्यूब बंद. चिंतामणी आल्या आल्या आतल्या खोलीकडे वळला, स्टेशन किती जवळ, पाणी किती वेळ, हे बोलत. कीर्ती मात्र सरळ स्वयंपाकघरात गेली.

ती बाहेर येईना. वहिनी पदर चाचपत दाराशी गेल्या. मीही गेलो. खिडकीतून दुपारचा उजेड आत आला होता आणि ती बाई भिंतीवर तळहात ठेवून उभी होती.

"हे कुणी निवडलं?" तिने विचारलं.

वहिनी म्हणाल्या, मीच. इथे त्या थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण कीर्तीने विचारलं की सांधे पांढरे का नाहीत, आणि वहिनींनी सांगितलं. मग तिने मुठींचं विचारलं. वहिनींनी ट्रॉली उघडून दाखवली. मग लॉटची गोष्ट निघाली आणि वहिनी तिला खिडकीपाशी उभी करून समोरची भिंत दाखवू लागल्या, मग तिथे नेऊन इकडची. तीन वर्षांत त्यांना इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं. जितकं त्या सांगत तितकी त्या मुलीची नजर भिंतीवरून हलेना. मी दारात उभा राहून दोनदा खाकरलो. वहिनींना ऐकू गेलं नाही.

कीर्ती बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाली, "बाकी काही बघू नकोस. हेच घ्यायचं."

चिंतामणीने पाच लाख साठ सांगितले होते. खरं तर सुजितने चार लाख ऐंशीपासून घासाघीस करायला हवी होती. पण बायकोकडे बघून तो म्हणाला की किचनला हात लावणार नसाल, ट्रॉल्यांसकट देणार असाल, तर पाच साठच देऊ, आजच टोकन. त्याने पाचशे एक रुपये काढले आणि मिलिंदच्या हातावर ठेवले. मिलिंदने ते खिशात घातले. त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. तो उठून आईजवळ आला आणि म्हणाला, "आई, तुझा लाल पास झाला."

वहिनी किचनच्या दारात उभ्या होत्या. एक पाय आत, एक बाहेर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"मला विकायचं नाहीये," त्या म्हणाल्या.

कुणाला काही कळलं नाही. चिंतामणी म्हणाला की भाव कमी वाटत असेल तर बसून बोलू. वहिनी म्हणाल्या, भावाचं नाही. कुणी सहा लाख दिले तरी नाही. विकायचं नव्हतंच.

"मग तेव्हा का नाही बोललीस?" मिलिंदने विचारलं. "मी समोर बसून सांगत होतो."

"तू सांगत होतास. विचारलंस कुठे?"

"आणि हे सगळं कशाला केलंस? लाल, काळा, हे ते?"

"कुणी घेऊ नये म्हणून केलं." एवढं बोलून त्या थांबल्या, आणि मग, जणू हे आत्ताच लक्षात आल्यासारखं, म्हणाल्या, "आणि मला पाहिजे होतं म्हणून केलं. राहायचंय मला इथं. स्वप्नालीच्या बाळंतपणाला येईन, तीन महिने रात्रंदिवस करीन. पण परत इथे येईन. माझे उरलेले पैसे आहेत, पंच्याऐंशी हजार, ते घेऊन जा, आजच घेऊन जा. घर नको मागूस."

मिलिंद मग माझ्याकडे वळला. "काका, तुम्हाला माहीत होतं?"

मी हो म्हटलं.

तो बूट घालून निघून गेला, लेसही बांधली नाही. स्वप्नाली उठायला लागली, तिला वेळ लागत होता. वहिनींनी तिला हात दिला. तिने तो झिडकारला नाही. दारात ती हळूच म्हणाली, "आई, तो येईल. रागात आहे." वहिनी म्हणाल्या की त्याला सांग पैशाचं खरं बोलले. ती हो म्हणून भिंतीच्या आधाराने एकेक पायरी उतरत गेली.

सुजित आणि कीर्ती अजून खुर्चीवर बसून होती. चिंतामणी पाण्याचा ग्लास हातात फिरवत होता. कीर्ती शेवटी उठली, वहिनींना म्हणाली की दुकानाचा पत्ता तरी द्या. वहिनींनी पत्ता सांगितला, आणि हेही सांगितलं की पेटीवरचा शिक्का बघून घे आणि टाइल रस्त्यावर नेऊन बघ, म्हातारा हसेल, हसू दे.

टोकन परत द्यायचं होतं आणि ते मिलिंदच्या खिशात गेलं होतं. मी माझ्या पाकिटातून पाचशे एक रुपये सुजितला दिले. ते मिलिंदकडून अजून यायचे आहेत.